घेण्यास नकार

३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहिलं तर खोटं होईल, नाही लिहिलं तर तू उगाच घाबरशील. म्हणून एवढंच लिहितो, की सगळे जिवंत आहेत. दादाची साखर वाढली आहे, पण ती अजून जिभेवर उतरलेली नाही. माझा उजवा गुडघा कामातून गेला. तुझा पत्ता मावशीच्या मुलीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला चार दिवस भंडावून सोडलं होतं.

बारा वर्षांनी हा अचानक कुठून उगवला, असं तुला वाटेल. झालं असं, की परवा आमच्या कोर्टात विद्यापीठातली एक मुलगी आली होती. हातात छापील प्रश्नावली. देशात कायद्याचं राज्य कितपत चालतं याची म्हणे पाहणी चालू आहे. न्यायाधीश झाले, वकील झाले, मग तिला कुणीतरी म्हणालं की बेलिफांनाही विचारा. आम्हाला आजवर पत्ता सोडून कुणी काही विचारलेलं नाही, त्यामुळे आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसलो.

‘‘एक ते दहामध्ये किती गुण द्याल?’’ तिने विचारलं. मी आठ म्हणालो. शेजारचा म्हणाला, ‘‘नऊ दे की, आपलं काय जातंय!’’

शेवटचा प्रश्न असा होता: न्यायालयाचा कागद ज्याचा त्याला पोचतो का? नेहमी, बहुधा, क्वचित. मी ‘नेहमी’वर खूण करायला सांगितली. मुलगी आभार मानून गेली आणि मला तुझी आठवण झाली.

माझं काम तुला माहीत आहे. कुणी कुणावर दावा लावला, की समोरच्याला कोर्टाचा कागद जातो: तुमच्यावर असा असा दावा आहे, अमुक तारखेला या आणि तुमची बाजू सांगा. तो कागद मी हातात नेऊन देतो आणि पोचल्याची सही घेतो. आमच्या इमारतीत शिरल्या शिरल्या भिंतीवर पितळी अक्षरांत राज्यघटनेतलं वाक्य आहे, कायद्यापुढे सगळे समान. ते वाक्य भिंतीवरून उतरून लोकांच्या घरी जातं ते माझ्या पायांनी. हे मी निवृत्तीच्या भाषणासाठी तयार करून ठेवलेलं वाक्य आहे, कसं वाटलं?

तुझ्या वेळी काय झालं ते झालं. बाबांच्या घराचा दावा दादाने लावला, तू तारखेला आली नाहीस, आणि निकाल एकतर्फी झाला. जिन्यात उभं राहून तू तुझ्या वरच्या खोलीचं बदललेलं कुलूप बघत होतीस. म्हणालीस, ‘‘मला एक कागद तरी पाठवायचा होतात.’’ मी म्हणालो, ‘‘पाठवला होता ताई, तूच घेतला नाहीस.’’ ते आपलं शेवटचं बोलणं. ज्या कुणी बेलिफाने तुझ्या कागदावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, त्याने तो का मारला हे आता कोण सांगणार? कामाच्या घाईत माणसांकडून होतं.

बाकी पुढच्या पत्रात. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ती. ताईस,

मागच्या पत्राला उत्तर नाही. तू लिहिशील असं मला वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनच्या वेळेला मी खिडकीत असतो.

इथे एक प्रकरण झालं आहे. कुणाला तरी सांगायला हवं आणि इथे सांगण्यासारखं कुणी नाही.

आमच्या भागात एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बाई राहतात. घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाल्या बाई म्हणतात. घरमालकाने त्यांच्यावर जागा खाली करण्याचा दावा लावला. कागद माझ्याकडे आला सप्टेंबरात, मी गेलो नोव्हेंबरात. लिफ्ट बंद. गुडघा हा असा. मी खालच्या पायरीवर बसलो आणि तिथेच अहवाल लिहिला: ‘दाराला कुलूप. शेजारी चौकशी केली. दोन साक्षीदारांसमक्ष नोटीस दारावर डकवली.’ नोटीस मी विजेच्या मीटरशेजारी चिकटवली. अगदीच फेकून दिली असं नाही.

कुलूप असलं की दारावर डकवायची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, हा नियम. आता दर वेळी दोन रिकामटेकडी माणसं कुठून आणायची? म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं एक पद्धत आहे. कोर्टाच्या फाटकाशी एक किल्लीवाला बसायचा आणि त्याच्या शेजारी झेरॉक्सवाला. कोऱ्या छापील अहवालांचा गठ्ठा घेऊन जायचं आणि दोघांकडून पन्नास-पन्नास सह्या एकदम घेऊन ठेवायच्या. मजकूर मागाहून. किल्लीवाला हसायचा, ‘‘साहेब, इतकी कुलुपं मी धंद्यातसुद्धा बघितली नाहीत.’’ मोठा गमत्या माणूस.

बाई तारखेला गेल्या नाहीत, कशा जातील? निकाल एकतर्फी झाला. जागेचा ताबा घ्यायला माणसं दारात आली तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या पायात चपला न घालता कोर्टात आल्या आणि अर्ज दिला, की निकाल रद्द करा, मला नोटीसच मिळाली नाही. ताबा तेवढा तात्पुरता थांबला आहे.

परवा सुनावणी होती. मी मागे उभा होतो. घरमालकाचा वकील म्हणाला, ‘‘बेलिफाचा अहवाल आहे, दोन साक्षीदार आहेत. कोर्टाने कोर्टाच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?’’

बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, माझी आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहे. कुलूप लावून मी तिला आत कोंडेन का?’’

न्यायाधीश तरुण आहेत आणि त्यांना एक वाईट सवय आहे. ते कागद वाचतात. त्यांनी अहवाल उलटसुलट बघितला आणि म्हणाले, बेलिफाला वीस एप्रिलला साक्षीला बोलवा.

मी संध्याकाळी दप्तरातून ती फाइल काढून बघितली. अहवालाची तारीख चौदा नोव्हेंबर. खाली किल्लीवाल्याची सही, वळणदार. ताई, किल्लीवाला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वारला. त्याला पोचवायला मी स्वतः गेलो होतो. त्याच्या सह्यांचे अकरा कागद माझ्याकडे उरले होते, आणि ते वाया कशाला घालवायचे म्हणून मी वापरत राहिलो. सरकारी कागद फुकट घालवू नये, ही बाबांची शिकवण.

हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी फक्त नाझरला, म्हणजे आमच्या वरिष्ठाला, सांगितलं. त्याने आधी दार लावून घेतलं. ‘‘तारखेची चूक म्हण. सप्टेंबरच्या जागी नोव्हेंबर पडला, कारकुनी चूक, माणूस चुकतो. तुझी एक वेतनवाढ जाईल, संपलं. खरं सांगत बसलास तर त्या किल्लीवाल्याच्या सह्यांचे पाचसहाशे अहवाल उघडे पडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबा!’’

पाचसहाशे. मी मनात घरं मोजायला लागलो आणि मग सोडून दिलं.

तारखेची चूक मान्य झाली तर बाईंचा अर्ज फेटाळला जाईल आणि त्या आईला घेऊन रस्त्यावर येतील. तसं झालं नाही तर माझी नोकरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तू काय करशील, असं विचारणार होतो. पण तुला विचारायला माझं तोंड नाही.

तुझा,
धाकटा


६ एप्रिल

ती. ताईस,

माझं तीन मार्चचं पत्र आज परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लाल शाईत लिहिलं आहे: ‘घेण्यास नकार’.

मी ते पाकीट अर्धा तास उलटसुलट बघत होतो. हा शेरा मी आयुष्यात हजारदा लिहिला असेल. तो खरा कधी आणि खोटा कधी, हे नुसत्या कागदावरून मलाही ओळखता येत नाही. तू दारात उभी राहून ‘नको’ म्हणालीस? की तुझ्याकडेही लिफ्ट नाही आणि तुमचा पोस्टमनही माझ्यासारखाच? खाली आद्याक्षरं नाहीत, तारीख नाही. आमच्याकडे असा शेरा मी परत पाठवला असता. पाठवला नसता, खरं तर.

दुसरं पत्र अजून परत आलेलं नाही. त्यामुळे तुला कदाचित शेवट माहीत आहे आणि सुरुवात नाही. हे तिसरं तरीही टाकतो.

काल मी घड्याळवाल्या बाईंच्या इमारतीत गेलो. या वेळी चढलो. चार मजल्यांना पंचवीस मिनिटं लागली, प्रत्येक वळणावर एका मुलीने मला मागे टाकलं, ती तीनदा दुकानात जाऊन आली. वर पोचलो आणि दार बघून उभाच राहिलो. दाराला बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही. कुलूप लावायची सोयच नाही. मी जे कुलूप बघितलं असं लिहिलं, ते अडकवायला त्या दारावर जागा नव्हती.

बाईंनी दार उघडलं. डोळ्याला भिंग लावलेलं तसंच होतं. मला त्यांनी ओळखलं नाही, कोर्टात मी मागे होतो. मी म्हणालो, ‘‘पत्ता चुकलो वाटतं.’’

‘‘चार मजले चढून चुकलात? बसा, पाणी घ्या.’’

बसलो. टेबलावर पंधरावीस घड्याळं उघडी पडली होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. आतून आईने विचारलं, ‘‘कोण आलंय गं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘कुणी नाही आई, पत्ता चुकलेत.’’ मी पाणी प्यालो आणि निघालो. खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, जे तो सहसा करत नाही. मग म्हणाला, ‘‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’’

‘‘मी रोज चढतो,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणूनच सांगतोय. तू पिंजऱ्यात उभा राहिलास की एकच प्रश्न विचारून ते थांबणार नाहीत. तोंड उघडलंस की सगळंच उघडतं, कळतंय का?’’ आणि त्याने वर छताकडे बघितलं, तुझ्या खोलीकडे. ‘‘तू राहतोस तो खालचा मजला तुला कुणी दिला, हे आठवतंय ना?’’

मला आठवतं. मला सगळंच आठवतं, हीच तर अडचण आहे. तुझ्या खोलीत दादा आता जुनी वर्तमानपत्रं ठेवतो. तुझ्या शिवणयंत्राचे चार डाग फरशीवर अजून आहेत.

तुझा,
धाकटा


२२ एप्रिल

ती. ताईस,

परवा साक्ष झाली. लांबण लावत नाही. प्रश्न-उत्तरं जशी झाली तशी लिहितो, आम्हा कोर्टातल्या लोकांना तेवढंच येतं.

न्यायाधीशांनी विचारलं, ‘‘तुम्ही चौथ्या मजल्यावर गेला होतात?’’ नाझर पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, ‘‘नाही साहेब. खाली बसून लिहिलं.’’

‘‘साक्षीदारांचं काय?’’

‘‘सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या होत्या. त्यातला एक माणूस त्या तारखेला हयात नव्हता.’’

कोर्टात कुणी हसलं नाही. टंकलेखकाचे हात तेवढे थांबले आणि परत सुरू झाले.

मग घरमालकाचा वकील उठला. हुशार माणूस, तीस वर्षं मी त्याला बघतो आहे. ‘‘म्हणजे तुम्ही खोटे अहवाल लिहिणारे गृहस्थ आहात.’’

‘‘होय.’’

‘‘मग आज खरं बोलताय कशावरून? बाईंनी काही सांगितलंय का तुम्हाला?’’

‘‘नाही. त्यांनी मला फक्त पाणी दिलं, तेही मी कोण ते न कळता.’’

‘‘हे खोटं पहिल्यांदाच, की सवय आहे?’’

त्याला हवं होतं ते इतकंच, की मी सवयीचा खोटा ठरावा आणि माझी साक्ष केराच्या टोपलीत जावी. मी ‘आळसाने होतं साहेब, सगळेच करतात’ म्हणून सुटू शकलो असतो. ते खरंही होतं. पण शपथ घेतल्यावर माणसाचं काय होतं कोण जाणे. इतक्या लोकांना ती घेताना बघितलं, मी कधी घेतली नव्हती.

मी म्हणालो, ‘‘आळसाचं खोटं पुष्कळदा. ठरवून लिहिलेलं एकदाच.’’

‘‘कधी?’’

‘‘बारा वर्षांपूर्वी. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नावाचं समन्स होतं. ती तेव्हा वेगळी राहायची, तो भाग माझ्याकडे नव्हता, मी ते मागून घेतलं. म्हटलं, बहीणच आहे, जाता जाता देतो. दिलं नाही. तिच्या घराकडे फिरकलोही नाही. ‘घेण्यास नकार’ असा शेरा लिहून परत केलं.’’

‘‘का?’’ हे न्यायाधीशांनी विचारलं.

‘‘ती आली असती तर तिची बाजू ऐकावी लागली असती, साहेब. आणि तिची बाजू खरी होती.’’

त्यांनी दाव्याचा क्रमांक विचारला. मला पाठ होता. तो कामकाजात नोंदला गेला.

ताई, मला लाज वाटली. इतकी, की कठड्याला धरलेला हात सोडवेना. पहिल्या पत्रात मी ‘ज्या कुणी बेलिफाने’ असं लिहिलं होतं. ते पत्र तू घेतलं नाहीस हे बरंच झालं, त्यातही मी खोटंच लिहिलं होतं. जिन्यात तुला जे म्हणालो ते त्याहून वाईट. खोटा शेरा कागदावर मारला होता, जिन्यात तो तुझ्या तोंडावर मारला.

निकाल काल आला. बाईंविरुद्धचा एकतर्फी हुकूम रद्द. म्हणणं मांडायला त्यांना तीस दिवस दिले आहेत. त्या जिंकल्या असं नाही. कदाचित हरतीलही, घरमालकाचे कागद पक्के आहेत. आता निदान त्यांचं ऐकून घेतल्यावर हरतील. किल्लीवाल्याच्या सह्यांचे सगळे अहवाल तपासायचा हुकूम झाला आहे, त्यासाठी दोन कारकून बसवले आहेत. मला निलंबित केलं. हे सगळं त्याच इमारतीत, त्याच पितळी अक्षरांखाली झालं. ती पाहणीवाली मुलगी परत आली तर मी आकडा सांगणार नाही. म्हणेन, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता त्यावर आहे.

बाहेर व्हरांड्यात घड्याळवाल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी पत्ता चुकलेले तुम्हीच ना?’’

मी हो म्हणालो.

‘‘पाणी पिताना तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत. मला वाटलं, जिने चढून आलात म्हणून.’’ एवढं बोलून त्या गेल्या. आभार मानले नाहीत. मानण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

तुझा,
धाकटा


३० एप्रिल

ती. ताईस,

बावीस तारखेचं पत्रही काल परत आलं. तोच शेरा, तीच लाल शाई. मधली दोन कुठे आहेत कोण जाणे. म्हणून हे पत्र टाकतो खरं, पण यावर विसंबून राहत नाही.

आता कामाचं. समन्स मिळालं नसताना एकतर्फी निकाल झाला, तर तो रद्द करून मागायला तीस दिवस मिळतात. आणि त्यात लबाडी झाली असेल, तर ते दिवस निकालापासून मोजत नाहीत, लबाडी तुला कळली त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे बारा वर्षं झाली तरी तुझे तीस दिवस अजून सुरू झालेले नाहीत. माझ्या साक्षीची शिक्क्याची नक्कल मी काढून घेतली आहे. ती लावून तू अर्ज कर. वकील तिथलाच बघ, इथला नको, इथे सगळे दादाला ओळखतात. साक्षीला मी येईन. तेवढं काम मला आता जमतं.

दादा माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट मात्र वाढून ठेवतो आणि झाकण आपटतो. परवा एकदाच म्हणाला, ‘‘घर गेलं तर तू कुठे जाशील?’’ मी म्हणालो, बघू. त्याला माझी काळजी वाटते की घराची, ते मला कळलं नाही. बहुधा दोन्हींची. त्याला फक्त दुष्ट ठरवू नकोस. सही माझी होती.

तुझं मूळ समन्स माझ्याकडे आहे. फेकून द्यायचा धीर कधी झाला नाही. बारा वर्षं ते माझ्या कपाटात गणवेशाच्या घडीत होतं. कागद पिवळा पडला आहे, तुझं नाव स्पष्ट वाचता येतं.

येत्या रविवारी मी ते घेऊन येतो आहे, सकाळच्या गाडीने. निलंबित बेलिफाला समन्स बजावता येत नाही, तेव्हा ही बजावणी कायद्यात बसत नाही. भाऊ म्हणून येतो. ते तरी बसतं का, हे तू ठरव. मावशीची मुलगी म्हणाली, तू पाचव्या मजल्यावर राहतेस आणि लिफ्ट नाही. हरकत नाही. वेळ लागेल, पण वर येईन आणि दार वाजवेन.

घेतलंस तर पोचपावतीवर सही आणि त्या दिवसाची तारीख टाक, तुझे तीस दिवस तिथून सुरू होतील. घ्यायचं नसेल तर ‘नको’ म्हण. दार न उघडता आतून म्हणालीस तरी चालेल. मी तुझ्या तोंडून ऐकीन आणि मगच लिहीन.

तुझा,
धाकटा